व्हरांड्यातली कुंभारीण: डेल्टा की युमेनेस, आणि जातीपर्यंत कसे पोहोचायचे

फलटणजवळून एका वाचक ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटच्या पट्टीशेजारी एक मोठी तांबूस-पिवळी माशी मातीची मडकी बांधते आहे, ती नेमकी कोणती? एकाने त्यांना ‘युमेनेस’ सांगितले, दुसऱ्याने ‘डेल्टा’, आणि मोबाइलमधल्या ॲपने ‘स्केलिफ्रॉन’. सोबत त्यांनी माशीचे बाजूने आणि समोरून घेतलेले फोटो पाठवले आहेत. शिवाय बसलेल्या माशीचे पंख, दोन उघडी मडकी, नंतर ती लिंपून झालेला गोळा, आणि मागच्या वर्षीच्या जुन्या गोळ्यातून बाहेर पडलेला एक हिरवा-निळा चकाकता कीटक, यांचेही फोटो आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे: ‘तुम्ही लोक हे कशावरून ठरवता?’

आधी उत्तर देतो. ही कुंभारीण आहे. कुल व्हेस्पिडी, उपकुल युमेनिनी, प्रजाती डेल्टा, आणि जाती बहुतेक डेल्टा कोनॉइडियम. मी इथे जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतो आहे, कारण बोलण्यात या दोन्हींची नेहमी गल्लत होते. कुल, उपकुल आणि प्रजाती या तीन गोष्टी तुमच्या फोटोंवरून मी ठामपणे सांगू शकतो. ‘बहुतेक’ हा शब्द फक्त जातीसाठी आहे. कोणती खूण आपल्याला कुठपर्यंत नेते हे एकदा कळले की पुढच्या वेळी तुम्ही स्वतःच निम्मे काम कराल. म्हणून निकालापेक्षा वाट सविस्तर सांगतो.

सर्वात आधी ॲपचे उत्तर बाजूला ठेवू. स्केलिफ्रॉन हीसुद्धा चिखलाने घर बांधते, तिचीही कंबर बारीक असते, आणि स्केलिफ्रॉन मद्रासपटानम ही जाती आपल्याकडे घराघरात दिसते. त्यामुळे यंत्राची फसगत होणे स्वाभाविक आहे. पण ती गांधीलमाशीच्या कुलातली नाही. तिचे कुल स्फेसिडी, म्हणजे ती मधमाश्यांच्या जास्त जवळची. फरक पाहायचा तो पंखांत. तुमच्या तिसऱ्या फोटोत माशी बसलेली आहे आणि तिचे पुढचे पंख लांबीच्या दिशेने घडी घातल्यासारखे दुमडलेले आहेत, म्हणून ते अरुंद पट्टीसारखे दिसतात. ही घडी व्हेस्पिडी कुलाची मोठी खूण आहे. स्केलिफ्रॉन बसते तेव्हा तिचे पंख पाठीवर सपाट असतात, दुमडलेले नसतात.

दुसरी खूण डोळ्यांची. समोरून घेतलेल्या फोटोत प्रत्येक संयुक्त डोळ्याच्या आतल्या कडेला खोल खाच दिसते, मिशीच्या मुळाजवळ. डोळा राजम्याच्या दाण्यासारखा दिसतो. स्केलिफ्रॉनच्या डोळ्याला अशी खाच नसते. मात्र एकट्या खाचेवर विसंबू नका. ट्रिपॉक्सिलॉन नावाच्या, कोळी पकडणाऱ्या छोट्या काळ्या माश्यांच्या डोळ्यांनाही अशीच खोल खाच असते आणि त्या व्हेस्पिडीतल्या नाहीत. खाच आणि पंखांची घडी या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मगच कुल पक्के धरावे.

तिसरी खूण कंबरेची, आणि ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे दोन वेगवेगळ्या वंशांनी एकाच आकाराला दोन वाटांनी पोहोचल्याचे दिसते. स्केलिफ्रॉनची कंबर म्हणजे पोटाच्या पहिल्या खंडाची फक्त खालची पट्टी गोल वळून झालेली सरळ, काडीसारखी नळी असते. कुंभारणीत पोटाचा अख्खा पहिला खंड, वरची आणि खालची पट्टी मिळून, देठासारखा लांबलेला असतो आणि मागे हळूहळू जाड होत जातो. बाजूने काढलेल्या तुमच्या फोटोत हा देठ मागच्या बाजूला फुगीर झालेला स्वच्छ दिसतो. त्याच्या मागचा दुसरा खंड घंटेसारखा मोठा आहे आणि बाकीचे खंड त्याच्या आत सरकल्यासारखे दिसतात.

फोटो पाहताना आणखी एक खात्री करून घ्यावी लागते, ती म्हणजे हा कीटक खरेच मधमाश्या-गांधिलांच्या गणातला आहे ना. कुंभारणीचा रंग आणि बारीक कंबर यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या काही सिर्फिड माश्या आहेत. त्या डिप्टेरा गणातल्या, म्हणजे घरमाशीच्या गणातल्या; त्यांना डंख नसतो. त्यांना पंखांची एकच जोडी असते. दुमडलेले पंख दिसले की हा प्रश्न आपोआप सुटतो, पण दुरून काढलेल्या फोटोत भलेभले चुकतात.

कुल ठरले. आता उपकुल. व्हेस्पिडीत आपल्याला रोज दिसणारे गट तीन: गांधिलांचा व्हेस्पिनी, कागदासारखी घरे करणाऱ्यांचा पोलिस्टिनी आणि कुंभारणींचा युमेनिनी. पहिले दोन वसाहत करून राहतात. कुंभारणी एकट्या, तिथे राणी नाही, कामकरी नाहीत, प्रत्येक मादी स्वतःचे घर स्वतः बांधते आणि स्वतःच शिकार आणते. घोटाळा होतो तो रोपालिडियाशी. रोपालिडिया मार्जिनाटा ही आपल्या खिडक्यांच्या चौकटीत, गजांना घर करणारी कागदी गांधील. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी तिच्या सामाजिक जीवनावर अनेक दशके काम केले आहे. तिची कंबरही बऱ्यापैकी बारीक असते. एकटी माशी घरापासून दूर, फुलावर किंवा पाण्याकाठी दिसली, तर रोपालिडियाला कुंभारीण आणि कुंभारणीला रोपालिडिया म्हणणे फार सोपे आहे.

इथे पाय पाहावे लागतात. युमेनिनीच्या पायाची नखे दुभंगलेली किंवा दातेरी असतात, आणि मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला एकच काटा असतो. पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनी यांची नखे साधी असतात आणि मधल्या नडगीला दोन काटे असतात. या गोष्टी साध्या फोटोत येत नाहीत, भिंगाखाली दिसतात. पण तुमच्या फोटोंत दुसरा पुरावा आहे. समोरून पाहिले तर जबडे लांब, सुऱ्यासारखे आणि पुढे चोचीसारखे निघालेले आहेत. रोपालिडियाचे जबडे आखूड आणि रुंद असतात. आणि अर्थात ही माशी माती वाहते आहे. माती आणि लांब जबडे एकत्र आले की उपकुलाबद्दल शंका राहत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘कुंभारीण’ या नावामुळे लोकांना वाटते की या उपकुलातली प्रत्येक माशी मडके घडवते आणि प्रत्येकीला लांब देठ असतो. तसे नाही. जगात युमेनिनीच्या ३,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जातींना लांब देठ नसतो. आपल्याकडची रिंकियम ब्रुनियम ही तांबडी, दणकट माशी बांबूच्या किंवा बोरूच्या पोकळीत शिरून फक्त मातीचे पडदे घालते. अँटोडायनेरस फ्लाव्हेसेन्स तर दुसऱ्यांच्या रिकाम्या मातीच्या घरांत बिऱ्हाड करते. त्या दोघीही वर्गीकरणाच्या दृष्टीने कुंभारणीच.

आता प्रजाती. एकाने युमेनेस सांगितले, दुसऱ्याने डेल्टा; यात भांडण दिसते तेवढे नाही. युमेनेस ही प्रजाती लात्रेय या फ्रेंच अभ्यासकाने १८०२ मध्ये स्थापन केली आणि देठवाल्या जवळजवळ सगळ्या कुंभारणी बराच काळ तिच्यातच कोंबल्या जात होत्या. जिनिव्हाच्या आंरी द सोसूर याने १८५५ मध्ये या गर्दीचे गट पाडले आणि त्यांना ग्रीक अक्षरांची नावे दिली: डेल्टा, झीटा, ओमिक्रॉन, फाय. (भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोसूर हा त्याचाच मुलगा.) हे गट पुढे स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्य झाले. त्यामुळे १८९७ मध्ये निघालेल्या बिंगहॅम यांच्या ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील खंडात, म्हणजे आपल्याकडच्या गांधिलांवरच्या पायाभूत ग्रंथात, तुमची माशी ‘युमेनेस कोनिका’ या नावाने भेटते. ज्यांनी तुम्हाला युमेनेस सांगितले त्यांच्या हाती बहुधा जुनी यादी असेल. आजच्या वर्गीकरणात मात्र डेल्टाच बरोबर.

दोन्ही प्रजातींत प्रत्यक्ष फरक काय? आपल्याकडच्या खऱ्या युमेनेस बहुतेक लहान, सडपातळ आणि काळ्या-पिवळ्या असतात. त्यांचा देठ तुलनेने आखूड असून मागे लवकर फुगतो. त्या काडीवर, गवताच्या पात्यावर, कुंपणाच्या तारेवर एकेक सुटे मडके बांधतात, गोल पोटाचे आणि बाहेर वळलेल्या काठाचे. डेल्टा मोठ्या, लांब पायांच्या आणि लांब देठाच्या. तुमच्या फोटोत शेजारी दहा रुपयांचे नाणे आहे, त्याचा व्यास २७ मिमी, आणि माशीची लांबी जवळजवळ तेवढीच भरते. त्या मानाने देठ चांगलाच लांब आहे. भिंगाखाली काम करताना पंखांच्या मुळाशी असलेल्या टेग्युला या छोट्या झाकणामागचा उंचवटा, वक्षाच्या मागच्या भागाची घडण, दुसऱ्या उदरखंडाच्या मागच्या कडेची रचना हे सगळे तपासले जाते. फोटोवरून निर्णय घेताना आकारमान, देठाचे प्रमाण आणि घराची पद्धत हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर डेल्टा म्हणायला हरकत नाही. तुमच्याकडे तिन्ही जुळतात.

सह्याद्रीच्या पावसाळी बाजूला राहणाऱ्यांनी फिमेनेस हीही प्रजाती लक्षात ठेवावी. फिमेनेस फ्लॅव्होपिक्टस ही काळ्या अंगावर पिवळ्या खुणा असलेली, लांब देठाची देखणी कुंभारीण आहे आणि घाईत तिला डेल्टा समजले जाते.

जातीकडे येतो, आणि इथे सावकाश जायला हवे. लोक जाती ठरवताना सर्वात आधी रंग पाहतात. मी रंग शेवटी पाहतो. कारण साधे आहे. डंख मारणारे अनेक कीटक एकाच प्रदेशात एकसारखा इशाऱ्याचा रंग धारण करतात. एका पक्ष्याने एकदा धडा घेतला की सगळ्यांचा जीव वाचतो. आपल्या कोरड्या दख्खनी पट्ट्यात तांबडा, काळा आणि पिवळा हा असा सामाईक पोशाख आहे. डेल्टाच्या दोन-तीन जाती, रिंकियम, काही कागदी गांधिली, आणि त्यांची नक्कल करणाऱ्या बिनडंखाच्या माश्या, सगळ्या जवळपास त्याच रंगात वावरतात. उलट एकच जाती प्रदेशागणिक रंग बदलते. इटलीचे अँटोनियो जोर्दानी सोइका यांनी विसाव्या शतकात जगभरच्या कुंभारणींवर प्रचंड काम केले आणि रंगभेदावरून अनेक उपजाती नावाने नोंदवल्या. अलीकडचे बरेच अभ्यासक नुसत्या रंगावर बेतलेल्या या उपजाती मानत नाहीत. मलाही ते योग्य वाटते. ज्या फरकामागे शरीररचनेचा आधार नाही त्याला स्वतंत्र नाव दिले की याद्या फुगतात आणि पुढच्या माणसाचे काम अवघड होते.

तरी रंग अगदी निरुपयोगी नाही. प्रजाती रचनेवरून पक्की झाल्यावर, त्या भागात सापडणाऱ्या मोजक्या जातींमध्ये निवड करताना तो उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात मोठ्या डेल्टा पाहताना माझ्या डोळ्यासमोर मुख्यतः चार नावे असतात: कोनॉइडियम, डिमिडिआटिपेन्ने, पायरिफॉर्मे आणि एसुरिएन्स. डिमिडिआटिपेन्नेचे पंख दोन रंगांचे असतात. मुळाकडचा भाग तांबूस-पिवळसर आणि टोकाकडचा गडद. उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानापासून आपल्यापर्यंत ती पसरलेली आहे, आणि आखाती देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना ती तिकडच्या गच्च्यांवर आणि भिंतींवरही दिसेल. तुमच्या माशीचे पंख सगळे एकसारखे पिवळसर आहेत, म्हणजे ही बाद. एसुरिएन्स ठेंगणी आणि नाजूक. तुमच्या नाण्याने तीही बाद केली. उरल्या कोनॉइडियम आणि पायरिफॉर्मे. तुमच्या माशीच्या वक्षाचा वरचा मधला भाग काळा, पोटाच्या घंटेसारख्या खंडावर रुंद काळा पट्टा, आणि बाकी अंग नारिंगी-पिवळसर आहे. हे वर्णन कोनॉइडियमकडे झुकते.

‘झुकते’ म्हणालो, ‘आहे’ म्हणालो नाही. या दोन्हींमध्ये शिक्कामोर्तब करायचे तर नमुना हातात लागतो. क्लायपियस म्हणजे चेहऱ्यावरची ढालीसारखी पट्टी, तिच्या खालच्या कडेचा आकार. देठावरचे सूक्ष्म खळगे किती दाट आहेत. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे नर. नराच्या मिशीचा शेवटचा खंड आकड्यासारखा मागे वळलेला असतो आणि त्या आकड्याची लांबी-जाडी जातीनुसार बदलते. त्याहून खात्रीचा पुरावा नराच्या जननांगांचा. तुमच्या फोटोतली मादी आहे. मादीच्या मिशीत १२ खंड असतात, नराच्या १३. मादीच्या पोटाचे सहा खंड दिसतात, नराचे सात. अर्थात मडके बांधताना दिसली म्हणजे मादीच, नर बांधकामात हात घालत नाहीत. आणि डंख मादीलाच असतो. तुम्ही त्याबद्दलही काळजी व्यक्त केली होती म्हणून सांगतो: कुंभारीण गांधिलांसारखी घराच्या रक्षणासाठी अंगावर येत नाही. ती बहुधा मुठीत दाबली गेली किंवा कपड्यात अडकली तरच डसते. घरात कुणाला गांधील किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर मात्र तिथून दोन हात दूर राहावे.

घराकडे वळू, कारण तुमच्या फोटोंतला सगळ्यांत मौल्यवान भाग तो आहे. तुम्ही एकाच जागेचे दोन टप्पे टिपले: आधी शेजारी-शेजारी दोन मडकी, मग सगळ्यांवर लिंपण होऊन झालेला एकच ओबडधोबड गोळा. मोठ्या डेल्टांची ही पद्धत आहे. अनेक कोठड्या चिकटून बांधायच्या आणि शेवटी वरून जाड लेप द्यायचा. लेप दिल्यानंतर तो गोळा भिंतीला चिकटलेल्या चिखलाच्या ढेकळासारखा दिसतो आणि कोठड्या किती हे बाहेरून कळत नाही. ज्यांना फक्त हा शेवटचा टप्पा दिसतो ते हमखास स्केलिफ्रॉन म्हणतात, कारण तीही शेवटी असाच लेप देते. फरक आत असतो. स्केलिफ्रॉनच्या कोठड्या लांब नळ्यांसारख्या आणि आत कोळी भरलेले. कुंभारणीच्या कोठड्या मडक्यासारख्या आणि आत अळ्या. तुमच्या उघड्या मडक्यात हिरवट, बिनकेसाची अळी दिसते आहे. तेवढ्यावर प्रश्न मिटतो.

ती अळी मेलेली नाही. मादीने नांगी मारून तिला लुळी केले आहे, म्हणजे ती सडत नाही, ताजी राहते. आणि त्याआधीच तिने आत अंडे घातलेले असते. युमेनिनीत हा क्रम ठरलेला आहे: आधी अंडे, मग शिधा. अंडे मडक्याच्या छताला किंवा भिंतीला एका बारीक तंतूने लोंबकळत ठेवलेले असते. स्फेसिडीतल्या माश्या उलट करतात. त्या आधी शिकार आणतात आणि शिकारीच्या अंगावर अंडे चिकटवतात. रिकाम्या मडक्यात लोंबणारे अंडे दिसले तर घर कुंभारणीचे, हे एवढ्यावरूनही सांगता येते. टॉर्च तिरपी धरून बघा, कधीकधी दिसते.

याच निरीक्षणाशी आपली एक फार जुनी कल्पना जोडलेली आहे. संतवाङ्मयात कीटक-भृंगी न्याय येतो: भृंगी अळीला आपल्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि तिचा ध्यास घेतलेली अळी शेवटी भृंगीच होऊन बाहेर पडते. ज्या कुणी हे पहिल्यांदा पाहिले त्याचे निरीक्षण अचूक होते. अळी आत जाताना दिसते, तोंड लिंपले जाते, आणि काही आठवड्यांनी तिथूनच माशी बाहेर येते. मध्ये अंडे होते एवढाच दुवा त्याच्या नजरेतून सुटला. भक्ताच्या तन्मयतेचा दृष्टांत म्हणून तो आजही तितकाच सुंदर आहे, आणि आपल्या पूर्वजांनी या माशीकडे किती जवळून पाहिले होते याचा तो पुरावाही आहे.

आता तो हिरवा-निळा चकाकता कीटक. तुम्हाला वाटले की मागच्या वर्षीचे घर वेगळ्या माशीचे असावे. नाही. तो स्टिल्बम सायनुरम असावा, क्रिसिडिडी कुलातली, धातूसारखी चमकणारी मोठी परोपजीवी माशी. ती स्वतः घर बांधत नाही. डेल्टा आणि स्केलिफ्रॉन यांच्या बंद घरांत आपले अंडे घालते आणि तिची अळी आतल्या अळीला खाऊन वाढते. तिचे अंग कठीण आणि खडबडीत असते, आणि धोका वाटला की ती गोळा होऊन बसते. म्हणूनच ओळख करताना मी एक नियम कटाक्षाने पाळतो: घरातून काय बाहेर पडले यावरून घर कुणी बांधले हे ठरवायचे नाही. जुन्या मातीच्या घरात भाडेकरूही असतात. वर उल्लेखलेली अँटोडायनेरस, स्केलिफ्रॉनच्या घरांत राहणारी निळी कॅलिबिऑन बेंगालेन्से, पाने किंवा डिंक भरणाऱ्या मेगाकायल मधमाश्या, हे सगळे तिथून निघू शकतात. आपल्या देशात यावर फार चांगले काम झालेले आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याबरोबर भारतात आलेल्या हेलन स्परवे आणि त्यांचे भारतीय सहकारी सुरेश जयकर यांनी १९६०च्या दशकात अशा घरांची बारकाईने निरीक्षणे केली. एका भारतीय कुंभारणीत कोठड्यांचा पुनर्वापर आणि भाऊ-बहिणींचे मीलन यावरचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६६ मध्ये आला. महागडी उपकरणे नव्हती, होते ते रोज त्याच भिंतीपुढे बसण्याचे सातत्य. तुमचा व्हरांडा त्या कामासाठी अगदी योग्य आहे.

त्या काळच्या लिखाणात कुंभारणींचे कुल कधीकधी ‘युमेनिडी’ असे दिसते, त्याने गोंधळू नका. तेव्हा अनेक जण त्यांना स्वतंत्र कुल मानत. जेम्स कार्पेंटर यांनी १९८२ मध्ये व्हेस्पिडीची वंशावळ रचनेच्या आधारे नव्याने मांडली आणि तेव्हापासून युमेनिनी हे व्हेस्पिडीचे उपकुल म्हणून रूढ झाले. गेल्या काही वर्षांत डीएनएवर आधारित अभ्यासांनी त्यातही फेरफार सुचवले आहेत. झेथस ही प्रजाती आणि तिच्या नात्यातल्या प्रजाती यांना वेगळे उपकुल द्यावे असे काहींचे म्हणणे आहे. डेल्टाच्या जागेला त्याने धक्का लागत नाही.

नाव लिहिताना आणखी दोन बारकावे. पूर्ण नाव ‘डेल्टा कोनॉइडियम (ग्मेलिन, १७९०)’ असे लिहितात. ग्मेलिनभोवतीचा कंस शोभेसाठी नाही. ग्मेलिनने ही जाती दुसऱ्या प्रजातीत, व्हेस्पामध्ये, नोंदवली होती आणि नंतर ती इकडे हलवली गेली, हे तो कंस सांगतो. कंस गाळला तर अर्थ बदलतो. दुसरे असे की डेल्टा हे नाव नपुंसकलिंगी धरले जाते, म्हणून कोनॉइडियम, पायरिफॉर्मे; युमेनेसबरोबर हीच नावे कोनॉइडियस, पायरिफॉर्मिस अशी येतात. जुने संदर्भ शोधताना दोन्ही रूपे शोधा, नाहीतर निम्म्या नोंदी हाती लागणार नाहीत. तसेच एसुरिएन्स जुन्या याद्यांत ‘डेल्टा कॅम्पॅनिफॉर्मे’ची उपजाती म्हणून सापडते, नव्या याद्यांत स्वतंत्र जाती म्हणून.

आता पुढे काय करायचे ते. चालू असलेले घर फोडू नका. मागच्या वर्षीच्या गोळ्याला काही भोके पडली आहेत, पण सगळ्या कोठड्या रिकाम्या झाल्या असतीलच असे नाही. काही अळ्या पुढच्या हंगामापर्यंत आत थांबतात. भिंत रंगवायची म्हणून तो काढावाच लागणार असेल तर पातळ सुरीने अख्खा सोडवा, काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचे कापड बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. बरणीवर गाव, तालुका, जागा आणि काढल्याची तारीख लिहा. जे जे बाहेर पडेल त्याची तारीख वेगळी लिहा. एकट्या राहणाऱ्या माश्यांत नर सहसा आधी बाहेर येतात, आणि आपल्याला नरच हवा आहे.

फोटो पुन्हा काढाल तेव्हा बाजूने काढताना देठ आणि त्यामागचा खंड एकाच प्रतलात, पूर्ण स्पष्ट यायला हवा. चेहरा अगदी समोरून, क्लायपियसची खालची कड दिसेल असा. आणि वरून एक, ज्यात वक्षाच्या सगळ्या खुणा येतील. सकाळी लवकर, अंग गार असताना, ती बराच वेळ स्थिर बसते. पाण्याच्या टाकीकाठी ओला चिखल घ्यायला येते तेव्हाही चांगली संधी असते.

खिडकीच्या कट्ट्यावर मेलेली माशी सापडली तर टाकू नका. तिला मारण्याची गरज नसते, वर्षभरात अशी एखादी मिळतेच. वाळलेली असेल तर कापसावर, छोट्या डबीत, डांबराची गोळी घालून ठेवा. ताजी असेल आणि पुढे कुणी डीएनए तपासावे असे वाटत असेल तर तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवणे चांगले. त्या तपासणीत सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. पण तो ज्या नमुन्याशी जुळवायचा त्याचे नाव आधी कुणीतरी भिंगाखाली नीट ठरवलेले असावे लागते. त्यामुळे रचनेचा अभ्यास डीएनएने संपत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र परवानगीशिवाय काहीही उचलू नये, मेलेलेसुद्धा.

नमुना हाती आला की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या, आकुर्डीच्या पश्चिम विभागीय केंद्राशी किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी पत्र लिहून विचारा. कुंभारणींवर गेल्या दीड दशकात भारतात सर्वाधिक लिखाण पी. गिरीश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे, तेही प्राणी सर्वेक्षणाचेच. त्यांनी दिलेल्या ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, भारतीय जातींसाठी सर्वात उपयोगी आहेत. पत्रासोबत घराचे दोन्ही टप्प्यांचे फोटो जरूर जोडा. संग्रहालयांत टोचलेल्या माश्या पुष्कळ असतात, पण कोणत्या माशीने कोणते घर कसे बांधले, आत कोणती अळी होती आणि त्यातून कोण बाहेर आले, हे एकत्र नोंदलेले फार कमी आढळते. तोवर तुमच्या वहीत ‘डेल्टा, बहुधा कोनॉइडियम, मादी, घरासह’ असे लिहा, आणि शेजारी फोटोंचे क्रमांक घाला.